शब्दप्रामाण्य आणि चिकित्सा : बायबल वाचण्याच्या दोन रीती

बायबलमधली जलप्रलयाची कथा बहुतेकांनी ऐकलेली असते, पण ती मुळातून सलग वाचलेली फार थोड्यांनी असते. उत्पत्ती या पहिल्याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देव नोहाला सांगतो की, प्रत्येक जातीच्या प्राण्यांपैकी एक नर आणि एक मादी अशी दोन-दोन तारवात घे. सातव्या अध्यायाच्या आरंभी परमेश्वर त्याला सांगतो की, शुद्ध प्राण्यांच्या सात-सात जोड्या घे आणि अशुद्ध प्राण्यांची एक-एक. पाऊस चाळीस दिवस पडतो असे एका ठिकाणी येते, तर त्याच अध्यायाच्या शेवटी पाण्याचा जोर दीडशे दिवस टिकल्याचे येते. नोहा सहकुटुंब तारवात शिरतो, आणि सहा वचनांनंतर तो पुन्हा एकदा सहकुटुंब तारवात शिरतो. पुढे पाणी ओसरू लागल्यावर तो आधी कावळा सोडतो आणि मग कबुतर.

बायबलचा शब्द न् शब्द घडलेल्या घटनेची अचूक नोंद आहे असे मानणारा वाचक यावर म्हणतो की, सहाव्या अध्यायात सर्वसाधारण आज्ञा आहे आणि सातव्यात तिचा तपशील आहे; पाऊस चाळीस दिवस पडला असेल आणि पूर दीडशे दिवस राहिला असेल. हे उत्तर उडवून लावण्यासारखे नाही. सुटी सुटी विसंगती घेतली तर प्रत्येकीला असा काही ना काही मेळ घालता येतो. अडचण येते ती सगळे फरक एकत्र मांडल्यावर. देवासाठी ‘याहवे’ हे नाव, म्हणजे मराठी बायबलात ‘परमेश्वर’, जिथे येते, तिथेच सात जोड्या, चाळीस दिवस आणि प्रलयानंतरचा होम येतो. जिथे ‘एलोहीम’, म्हणजे नुसता ‘देव’, येतो, तिथेच दोन-दोन प्राणी, दीडशे दिवस आणि वर्ष-महिना-तिथीची काटेकोर नोंद येते. हे दोन धागे वेगळे करून वाचले की दोन जवळजवळ पूर्ण कथा हाती लागतात, आणि त्यांतली प्रत्येक आपापल्या जागी सुसंगत असते. प्रत्येक जातीची एकच जोडी वाचवली असेल तर होमात एक प्राणी अर्पण करताच ती जात संपेल. म्हणून त्या कथेत होमच नाही. दुसऱ्या कथेत शुद्ध प्राण्यांच्या सात जोड्या आहेत, म्हणून नोहाला होम करता येतो.

विद्यापीठांत बायबलचा जो चिकित्सक अभ्यास चालतो त्याची सुरुवात अशा वाचनातून झाली. बाहेरून काही तत्त्वज्ञान आणून ते ग्रंथावर लादण्याचा हा प्रकार आहे असा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो मला अन्यायाचा वाटतो. इथे ग्रंथाच्या अक्षरांकडेच अधिक बारकाईने पाहिले गेले आहे. या दोन कथा ज्याने एकत्र विणल्या तो संपादक आंधळा नव्हता. त्याला विसंगती दिसत असणारच. तरीही त्याने दोन्हींतले फारसे काही गाळले नाही, कारण दोन्ही परंपरा त्याच्या समाजात पूज्य असाव्यात. विसंगती दडवून एकच गुळगुळीत कथा बनवण्याचा मार्ग त्याने नाकारला. तो मार्ग पुढच्या काळातल्या वाचकांनी धरला.

अशा शंका श्रद्धावंतांना फार पूर्वीपासून पडत आल्या आहेत. बायबलची पहिली पाच पुस्तके मोशेने लिहिली अशी परंपरा आहे, पण पाचव्या पुस्तकाच्या शेवटी मोशेच्या मृत्यूचे आणि दफनाचे वर्णन आहे. ती शेवटची आठ वचने मोशेचा वारस यहोशवा याने लिहिली असे मत तालमुद या यहुदी धर्मग्रंथातच नोंदलेले आहे. बाराव्या शतकातला स्पेनमधला यहुदी भाष्यकार अब्राहाम इब्न एझ्रा याला उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायातले ‘त्या काळी त्या देशात कनानी लोक राहत होते’ हे वाक्य खटकले. मोशेच्या हयातीत कनानी तिथेच राहत होते, मग ‘त्या काळी’ असे तो कशाला लिहील? ते लोक तिथे उरले नाहीत अशा काळात बसलेला लेखकच असे लिहील. यात एक रहस्य आहे आणि ज्याला ते कळेल त्याने गप्प राहावे, एवढेच इब्न एझ्राने लिहिले. १६७० साली स्पिनोझा या तत्त्वज्ञाने ते मौन मोडले आणि ही पुस्तके मोशेनंतर पुष्कळ काळाने लिहिली गेली असे उघड मांडले. १७५३ मध्ये झां आस्त्रुक या फ्रेंच राजवैद्याने देवाच्या दोन नावांच्या आधारे उत्पत्तीतले धागे प्रथम पद्धतशीरपणे सुटे केले. त्याचा हेतू मोशेचे कर्तृत्व वाचवण्याचा होता. मोशेने जुन्या टिपणांवरून लिहिले असे त्याला दाखवायचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीच्या युलियुस वेलहाउझेनने या पाच पुस्तकांमागे वेगवेगळ्या काळातले चार मूळ दस्तऐवज असल्याचा सिद्धांत नेटका मांडला. १८८२ मध्ये त्याने धर्मशास्त्राच्या प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला, कारण आपल्या शिकवणुकीने विद्यार्थी धर्मोपदेशकाच्या कामाला तयार होत नाहीत हे त्याला प्रामाणिकपणे जाणवले होते.

त्याच सुमारास, १८७२ च्या डिसेंबरात, लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ याने निनवे येथे सापडलेल्या मातीच्या विटेवरचा मजकूर वाचून दाखवला. त्यात प्रलय होता, नाव होती, डोंगरावर टेकणारी नाव होती आणि सोडलेले पक्षीही होते. प्राचीन मेसोपोटेमियातली ही कथा आणि नोहाची कथा यांचे गोत्र एकच आहे, हे त्यानंतर नाकारणे कठीण झाले.

इंग्लंडच्या चर्चला मात्र धक्का बसला तो याच्या दहा वर्षे आधी, आणि तो आफ्रिकेतून बसला. नाताळ प्रांताचा बिशप जॉन कोलेन्सो बायबलचे झुलू भाषेत भाषांतर करत होता. प्रलयाच्या कथेपाशी आल्यावर त्याचा झुलू सहकारी विल्यम एन्गिडी याने विचारले की, हे सगळे खरे आहे का, आणि थंड नि उष्ण अशा सगळ्या प्रदेशांतले प्राणी खरोखरच जोडीजोडीने येऊन त्या नावेत शिरले का? कोलेन्सोला खोटे बोलवेना. तो मूळचा गणिताचा शिक्षक. त्याने मोशेच्या पुस्तकांतले आकडे घेतले आणि हिशेब मांडला. गणना या पुस्तकात वीस वर्षांवरील इस्राएली पुरुष ६,०३,५५० दिले आहेत आणि थोरले मुलगे २२,२७३. नुसता भागाकार केला तरी एका थोरल्या मुलामागे सत्तावीस प्रौढ पुरुष येतात. वीस वर्षांखालची मुले धरली तर हा आकडा चाळीसच्या घरात जातो, म्हणजे प्रत्येक आईला सरासरी तितके मुलगे झाले असले पाहिजेत. १८६२ मध्ये हे छापून आल्यावर केपटाउनच्या बिशपने त्याच्यावर पाखंडाचा खटला चालवून १८६३ मध्ये त्याला पदच्युत केले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वरिष्ठ अपील न्यायालयाने, १८६५ मध्ये तो अधिकारच अमान्य केला आणि कोलेन्सो मरेपर्यंत बिशप राहिला. एन्गिडीच्या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर देणे सोपे होते. ते न देता आयुष्याची स्वस्थता पणाला लावणारा हा माणूस मला श्रद्धेचा शत्रू वाटत नाही.

शब्दप्रामाण्य ही ख्रिस्ती धर्माची मूळची रीत आहे आणि चिकित्सा ही आधुनिक भेसळ आहे, ही समजूत सर्वत्र रुजलेली आहे. इतिहास मात्र तसा नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने विचारले होते की, सूर्य, चंद्र आणि तारे नसताना पहिला, दुसरा आणि तिसरा दिवस झाला, सकाळ-संध्याकाळही झाली, असे कोण शहाणा माणूस मानील? देवाने शेतकऱ्यासारखी बाग लावली हे त्याला आध्यात्मिक सत्य सांगणारे रूपक वाटत होते. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनने उत्पत्तीवर मोठे भाष्य लिहिले, सहा दिवस म्हणजे सूर्याचे दिवस नव्हेत असे मानले, आणि आकाश-पृथ्वीविषयी ज्ञान असलेल्या परधर्मीयांपुढे ख्रिस्ती माणसाने बायबलचा हवाला देऊन अडाणीपणाची विधाने करू नयेत, अन्यथा पुनरुत्थानाविषयी त्याच्यावर कोण विश्वास ठेवील, असा सडेतोड इशारा दिला. हे दोघे बायबल देवप्रेरित मानत होते. त्यांच्या दृष्टीने शब्दशः अर्थ हा अनेक अर्थांपैकी एक होता.

आज आपण ज्याला काटेकोर शब्दप्रामाण्य म्हणतो त्याचे वळण आधुनिक आहे. सतराव्या शतकात आर्चबिशप अशरने बायबलमधल्या वंशावळी जुळवून सृष्टीची निर्मिती इसवी सनपूर्व ४००४ मध्ये झाली असे काढले. पण चळवळ म्हणून ते उभे राहिले ते अमेरिकेत, १९१० ते १९१५ या काळात, जेव्हा तेलउद्योगातल्या लायमन स्ट्युअर्टच्या पैशावर मूलतत्त्वांच्या बचावाचे बारा खंड छापून धर्मोपदेशकांना फुकट वाटले गेले. त्या खंडांतही जेम्स ऑरसारख्या लेखकाने सृष्टीच्या दिवसांना चोवीस तासांत बसवण्याचा आग्रह धरला नव्हता. १९२५ च्या जुलैमध्ये टेनेसी राज्यातल्या डेटन गावी, उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. तेव्हा फिर्यादी पक्षाच्या बाजूने उभा असलेला राजकारणी विल्यम जेनिंग्ज ब्रायन याला बचावाच्या वकिलाने, क्लॅरेन्स डॅरोने, साक्षीला बोलावले. हिरवळीवर भरलेल्या त्या न्यायालयात बायबलचा हा सर्वांत मोठा कैवारी म्हणाला की, ते दिवस चोवीस तासांचे होते असे मला वाटत नाही. पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे हे मत अमेरिकन प्रॉटेस्टंटांत मोठ्या प्रमाणावर पसरले ते १९६१ नंतर, जॉन व्हिटकोम आणि हेन्री मॉरिस यांच्या जलप्रलयावरील पुस्तकामुळे.

ब्रायनविषयी एक गोष्ट सांगायला हवी. बलवानाने दुर्बलाला चिरडणे हा निसर्गाचा नियमच आहे असे उत्क्रांतीच्या नावाने बोलले जात होते, आणि त्याची त्याला मनापासून भीती वाटत होती. शब्दप्रामाण्याच्या मागे बहुधा अशी खरी काळजी असते. एक वीट काढली तर सगळी भिंत कोसळेल, ही त्यातली एक. दुसरी अशी की, बायबल समजायला हिब्रू-ग्रीक जाणणारा प्राध्यापक लागणार असेल, तर शेतात राबणाऱ्या श्रद्धाळू माणसाने काय करायचे? या दुसऱ्या प्रश्नाला अभ्यासकांनी दिलेले उत्तर अजूनही अपुरे आहे.

आपल्याकडच्या वाचकाला चिकित्सेचे एक अंग मुळीच परके वाटू नये, ते म्हणजे पाठचिकित्सा. हाताने नकला होत गेल्या की पाठभेद शिरतात. मूळचा शुद्ध ग्रंथ पाठांतराने अबद्ध झाला म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तिच्यात स्वतःची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे, असे बजावले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. एकनाथांचा ज्ञानेश्वरीवरचा भक्तिभाव यामुळे कमी झाला असे कोणी म्हणत नाही. बायबलच्या पाठचिकित्सेतही काम हेच असते.

गल्याथाचे उदाहरण घेऊ. पुढे राजा झालेल्या दावीदाने गोफणीने मारलेल्या या पलिष्टी योद्ध्याची उंची प्रचलित हिब्रू पाठात सहा हात एक वीत आहे, म्हणजे सुमारे पावणेदहा फूट. पण ख्रिस्तपूर्व काळात झालेल्या ग्रीक भाषांतराच्या जुन्या प्रतींत ती चार हात एक वीत आहे, म्हणजे पावणेसात फूट. मृत समुद्राजवळ कुमरान येथे १९४७ पासून गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यांतल्या शमुवेलाच्या हिब्रू प्रतीतही चारच हात निघाले. कथा सांगता सांगता गल्याथ वाढत गेला, हाच तर्क अधिक सयुक्तिक ठरतो. याहून अवघड प्रश्न पुढे आहे. त्याच शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात, गाथच्या गल्याथाला बेथलेहेमच्या एलहानानाने मारले असे स्वच्छ लिहिले आहे. नंतरच्या काळात लिहिलेल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात एलहानानाने मारलेला माणूस ‘गल्याथाचा भाऊ लहमी’ होतो. १६११ च्या इंग्रजी बायबलच्या भाषांतरकारांनी शमुवेलाच्या वाक्यातच ‘भाऊ’ हा मुळात नसलेला शब्द घातला आणि तो निराळ्या टायपात छापला. अक्षरन् अक्षर खरे ठरवण्यासाठी अक्षरांतच भर घालावी लागली. अभ्यासक म्हणतात की, एका कमी प्रसिद्ध वीराचा पराक्रम पुढे लोकप्रिय राजाच्या नावावर चढला असावा, आणि इतिहासाच्या लेखकाने तो पेच सोडवण्याचा प्रयत्न केला असावा. हे पटो न पटो, शमुवेलातले वाक्य तरी ते जसे आहे तसे वाचतात.

आजचे सुबुद्ध शब्दप्रामाण्यवादी ही अडचण जाणतात. १९७८ मध्ये शिकागोत जमलेल्या इव्हँजेलिकल नेत्यांनी काढलेल्या निवेदनात बायबल पूर्णतः निर्दोष असल्याचे म्हटले, पण ही निर्दोषता मूळ लेखकांच्या हातच्या प्रतींपुरती आहे, असेही म्हटले. ठोकळ आकडे आणि काव्यमय भाषा यांना चूक समजू नये, हेही त्यात आहे. मूळ लेखकाच्या हातची एकही प्रत आज अस्तित्वात नाही. त्यामुळे त्यांनाही त्याच पाठचिकित्सेच्या दारात यावे लागते.

आणि ती किती महत्त्वाची असू शकते ते मार्कच्या शुभवर्तमानावरून, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या वृत्तांतावरून, दिसते. चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या प्रतींत ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी, रिकामी कबर पाहून स्त्रिया भ्याल्या इथेच, संपते. पुढची बारा वचने नंतरची भर आहे यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. त्या भरीतच विश्वास ठेवणारे ‘सर्प उचलतील’ आणि विष प्याले तरी त्यांना बाधणार नाही, असे वाक्य आहे. अमेरिकेच्या अपालाचियन डोंगराळ भागातल्या काही मंडळ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून हे वाक्य आज्ञा म्हणून घेतले आणि उपासनेत विषारी साप हाती धरले. या प्रथेचा प्रसारक जॉर्ज हेन्स्ली १९५५ मध्ये सर्पदंशानेच मेला.

चिकित्सेचे दुसरे मोठे काम म्हणजे लिखाणाचा प्रकार ओळखणे. ‘मी दार आहे’ असे येशू म्हणतो तेव्हा कोणी बिजागऱ्या शोधत नाही. म्हणजे शब्दशः न वाचण्याची गरज सर्वांनाच मान्य आहे. प्रश्न एवढाच की ती कुठे आणि कशावरून ठरवायची. उत्पत्तीचा पहिला अध्याय पाहा. पहिल्या तीन दिवसांत प्रकाश-अंधार, आकाश-पाणी आणि जमीन या जागा तयार होतात. पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने त्या जागांचे रहिवासी येतात, चौथ्या दिवशी ज्योती, पाचव्या दिवशी पक्षी आणि मासे, सहाव्या दिवशी जमिनीवरचे प्राणी व माणूस. ही रचना एखाद्या स्तोत्राची आहे. बहुतेक अभ्यासक ती इसवी सनपूर्व सहाव्या शतकातल्या बाबिलोनच्या बंदिवासाच्या आसपासची मानतात. यरुशलेमचे मंदिर पाडले गेले होते, राजा कैद झाला होता, आणि भोवतालचे विजेते सूर्य-चंद्राला देव मानत होते. अशा लोकांना हा अध्याय सांगतो की, ते दोन्ही तुमच्या देवाने चौथ्या दिवशी टांगलेले दिवे आहेत, आणि मंदिर नसले तरी सातव्या दिवसाचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, तुमच्याजवळ आहे. हरलेल्या समाजाला उभे करणारे हे लिखाण भूगर्भशास्त्राच्या वादात अडकवले की त्यातले धैर्यच दिसेनासे होते. बायबलची टिंगल करणारे नास्तिकही हेच करतात. त्यांचे वाचनही शब्दशःच असते, फक्त निष्कर्ष उलटा.

नव्या करारात असेच घडते. मार्कच्या मते येशूचे शेवटचे भोजन हे वल्हांडण या यहुदी सणाचे भोजन होते आणि दुसऱ्या दिवशी तो वधस्तंभावर गेला. योहानाच्या मते तो वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशीच गेला, म्हणजे मंदिरात सणाची कोकरे कापली जात असताना. दोन पंचांगे वापरात होती असे म्हणून हा फरक मिटवण्याचे प्रयत्न झाले आहेत. पण योहान पहिल्याच अध्यायात येशूला ‘देवाचा कोकरा’ म्हणवतो, आणि मृत्यूच्या प्रसंगी त्याचे हाड मोडले नाही हे वल्हांडणाच्या कोकऱ्याच्या नियमाशी जोडून सांगतो. दोन्ही लेखकांना एकाच घड्याळाला बांधले तर योहानाला जे सांगायचे आहे तेच निसटते.

कॅथलिक चर्चने या पद्धतीला दीर्घकाळ विरोध केला आणि मग ती स्वीकारली. १९४३ मध्ये बारावे पायस यांनी लेखनप्रकार आणि मूळ भाषांच्या अभ्यासाला परिपत्रकाने मोकळीक दिली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ती पक्की केली, आणि १९९३ मध्ये पोपच्या बायबल आयोगाने मूलतत्त्ववादी वाचन म्हणजे एक प्रकारची बौद्धिक आत्महत्या आहे, असे कठोर शब्द वापरले. हे शब्द मला थोडे जास्तच वाटतात, कारण सामान्य श्रद्धाळूंनी बुद्धी गहाण ठेवलेली नसते. दुसरी रीत आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

चिकित्सकांनीही आपला अहंकार आवरायला हवा. वेलहाउझेनच्या चार दस्तऐवजांची वाटणी १९७० नंतर पुष्कळच विस्कटली. याजकांच्या परंपरेतला भाग वेगळा ओळखू येतो यावर आजही मोठ्या प्रमाणात सहमती आहे, पण बाकीच्या वाटणीवर तीव्र मतभेद आहेत. पूर्वीचे संदेष्टे जिवंत आणि नंतरचा नियमशास्त्राचा धर्म शुष्क, हा वेलहाउझेनचा आराखडा यहुदी धर्माविषयीच्या पूर्वग्रहातून आला होता. सॉलोमन शेख्टर या यहुदी विद्वानाने १९०३ मध्ये अशा चिकित्सेला यहुदीद्वेषाचे उच्च रूप म्हटले, आणि त्यात तथ्य होते. निःपक्षपाताची खात्री पद्धतीचे नाव घेतल्याने मिळत नाही.

पद्धतीला तिची हद्दही आहे. पौलाने करिंथकरांना लिहिलेले पहिले पत्र इसवी सनाच्या पन्नासच्या दशकातले आहे, आणि त्याच्या पंधराव्या अध्यायात आपल्याला मिळालेली एक परंपरा तो उद्धृत करतो : ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) आणि मग बाराजणांना दिसला. येशूच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत त्याच्या अनुयायांची अशी श्रद्धा होती आणि आपण त्याला पाहिले असे ते सांगत होते, हे इतिहासाच्या साधनांनी जवळजवळ निश्चितपणे म्हणता येते. देवाने त्याला खरोखर उठवले का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी किंवा नकारार्थी देणारा अभ्यासक त्या क्षणी अभ्यासक म्हणून बोलत नसतो. तो विश्वास ठेवणारा किंवा न ठेवणारा माणूस म्हणून बोलत असतो, आणि त्याने तसे सांगूनच बोलावे.